बिनखिशाची बंडी

"बंडी कुठाय?" अण्णांनी विचारलं आणि माझं वाचायचं थांबलं.

आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. तिनं मान वर न करता ट्रंकेकडे बोट केलं. "वरच हाय. डांबरगोळीचा वास असंल, झटका जरा."

अण्णांनी पांढरी बंडी काढली, दारात जाऊन झटकली आणि अंगात घातली. त्या बंडीला खिसा नव्हता. आईनंच ती शिवली होती, मुद्दाम बिनखिशाची. अण्णा सोलापुरात उंबरजे मालकांच्या छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ लावायची आणि ओळींचं पान करायचं. छापखान्यात कुठल्या परीक्षेचा पेपर छापायला आला की ते काम संपेपर्यंत अण्णांनी धोतर आणि ही बंडी घालूनच जायचं-यायचं, असा मालकांचा नेम होता. खिसाच नसला म्हणजे कागद बाहेर जायचा प्रश्न नाही.

लांबलांबच्या कॉलेजांचे पेपर त्या एवढ्याशा छापखान्यात यायचे, ते अण्णांमुळेच. अण्णांची शाळा सातवीत सुटली होती. इंग्रजीचं अक्षर न् अक्षर ते ओळखायचे, उलटं ओळखायचे, डोळे मिटून नुसतं बोटानं चाचपूनसुद्धा ओळखायचे, पण अर्थ एका शब्दाचा माहीत नव्हता. मालक गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचे, "माझा माणूस पेपर जुळवतो, वाचत नाही."

घरात ती बंडी निघाली की आम्ही कुणी काही विचारत नसू. पण शहाऐंशी सालच्या त्या मे महिन्यात बंडी बघून मी मनात दिवस मोजले, कारण बरोबर तेवीस दिवसांनी माझी परीक्षा होती.

पुण्याचं एक कॉलेज होतं, मुलींना शिक्षिका करणारं. राहणं-जेवण कॉलेजकडे, पण प्रवेश परीक्षा द्यावी लागे आणि तिचा अर्धा पेपर इंग्रजीचा असे. एक न पाहिलेला उतारा, त्यावरचे प्रश्न आणि व्याकरण. एका मुलीला दोनदाच बसता येई. मागच्या वर्षी मी सहा गुणांनी राहिले होते. उतारा दुसऱ्यांदा वाचून होईपर्यंत घंटा झाली आणि निम्मे प्रश्न कोरे राहिले. ही दुसरी खेप होती. ही गेली की आईच्या शेजारी दुसरं सूप मांडलं जाणार होतं. ती काही वाईट बाई नव्हती, पण सूप तिनं आणून ठेवलेलं होतं. भिंतीला टेकवलेलं ते नवंकोरं सूप मला रोज उठल्या उठल्या दिसायचं, आणि त्या वर्षी मी जगातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूचा इतका राग केला नाही.

माझा अभ्यास म्हणजे अण्णांनी आणलेली जुनी प्रुफं. प्रूफ म्हणजे छापायच्या आधी चुका बघायला काढलेला कच्चा कागद. काम झालं की ते रद्दीत जायचे, आणि पेपरांचे सोडून बाकीचे न्यायला मालकांची ना नव्हती. बँकेचा अहवाल, सूतगिरणीच्या नोटिसा, डॉक्टरांच्या कुठल्याशा संमेलनाची स्मरणिका. क्लास लावायची ऐपत नव्हती, पण इंग्रजी वाचायला घरात ढीगभर होतं. संध्याकाळी उजेड असेपर्यंत आम्ही बापलेक ओट्यावर बसायचो. मी एक वाक्य वाचायची आणि ते मराठीत अण्णांना सांगायची. अडखळले की अण्णा त्या शब्दाची अक्षरं धडाधड म्हणायचे आणि थांबायचे.

"आता अर्थ सांग."

"माहीत नाही."

"मग वाचलीस काय? वाच की परत."

त्यांना समजेल असं सांगायचं म्हणजे आधी मला समजायला लागायचं. असं वर्षभर चाललं. मी सुधारले, पण त्याहून मोठी एक गोष्ट झाली जी आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नाही. अण्णांना कळायला लागलं. शिवरात्रीच्या सुमाराला एकदा मी अडखळले तर अण्णाच म्हणाले, "व्याज असंल बग. बँकेचं हाय ना." आणि मी हसून टाळी दिली होती.

त्या दिवशी संध्याकाळी अण्णा बंडी खुंटीला लावून ओट्यावर आले तशी मी विचारलं, "अण्णा, कुठल्या कॉलेजचा आहे पेपर?"

एरवी त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, मला काय कळतंय त्यातलं. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. ढिगातलं वरचं प्रूफ उचलून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं, आणि मला उत्तर मिळालं.

"आमचाच आहे," मी म्हणाले.

"वाच."

"अण्णा, उतारा कशावर आहे तेवढं सांगा. प्रश्न नको. नुसता विषय."

"कुंदे, वाच म्हनलं ना."

"मी कुणाला सांगणार नाही. आईची शपथ."

आतून आई म्हणाली, "सांगा की हो. परक्याची हाय का ती? वरीस झालं मान मोडून बसायली पोरगी."

अण्णांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. बोटांच्या कडांना काळी शाई तशीच होती. "मी अर्थ लावतच न्हाई," ते म्हणाले. "खालच्या ओळीपासनं वर जुळवायलोय. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची. म्हंजे कळत न्हाई."

"पण थोडं तरी कळलंच असेल."

"कळलं आसंल तर ती माझी चूक हाय. तुला त्यातली देनार न्हाई."

मी प्रूफ भिरकावलं. म्हणाले, "सगळे बाप पोरीसाठी काय काय करतात आणि तुम्हाला मालकाची पडलीय." अण्णांनी खाली उतरून कागद उचलला, धूळ झटकली आणि परत माझ्यापुढे ठेवला. त्या संध्याकाळी मी एक ओळ वाचली नाही, तेही उठले नाहीत. अंधार पडेपर्यंत आम्ही नुसते बसून होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा जेवायला घरी आले. सोलापूरचं ऊन, अंगाची लाही होत होती. त्यांनी बंडी काढून खुंटीला लावली, अंगावर चार तांबे पाणी घेतलं, जेवले आणि आतल्या खोलीत चटईवर आडवे झाले. आई कारखान्यात विड्या द्यायला गेली होती. मी व्याकरणाचे तक्ते पाठ करत होते, म्हणजे नुसते ओठ हलत होते. मनात एकच चाललेलं, की माझा पेपर या माणसाच्या डोक्यात आहे आणि हा माणूस घोरतो आहे.

मग बंडीकडे लक्ष गेलं. पोटाच्या जागी काळपट डाग होता. शाईचे डाग नेहमीचेच, पण हा चौकोनी होता. जवळ गेले तर त्यात ओळी होत्या.

काय झालं असेल ते माझ्या लगेच लक्षात आलं, छापखान्यातल्याच माणसाची पोर मी. पेपरचं ओलं प्रूफ मालकांच्या टेबलापर्यंत न्यायचं तर वाटेत छपाईच्या यंत्रावरचा ट्रेडलवाला, बांधणीवाले सगळे बसलेले. कुणाची नजर पडू नये म्हणून अण्णांनी कागदाची छापलेली बाजू स्वतःच्या पोटाशी धरली असणार. कागद मालकांना मिळाला आणि त्यातलं थोडं बंडीवर राहिलं. उलटं, फिकट, पण राहिलं.

 खिडकीजवळ अण्णांचा दाढीचा आरसा असायचा. तो मी खिळ्यावरून काढला आणि बंडीसमोर धरला. घाम डोळ्यांत उतरत होता. अर्ध्याअधिक ओळी फिसकटल्या होत्या. पण विहीर हा शब्द दोनदा दिसला. दोर दिसला. दुष्काळासाठीचा तो अवघड इंग्रजी शब्द दिसला, ज्याच्या स्पेलिंगमधली दोन अक्षरं बोलायचीच नसतात. आणि खाली एका प्रश्नाची सुरुवात, "बायकांनी का..." आतल्या खोलीतलं घोरणं थांबलं तसा मी आरसा खिळ्याला अडकवला आणि जागेवर येऊन बसले. 

वहीच्या शेवटच्या पानावर मी ते शब्द उतरवले. लाज वाटली का? खरं सांगायचं तर नाही. वर्षभरात पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मी रद्दीचा सगळा ढीग उपसून पाटबंधाऱ्यांवरच्या एका अहवालाचं प्रूफ शोधून काढलं. त्यात विहिरी होत्या, दुष्काळ होता. ओट्यावर बसून मी घडाघडा वाचायला लागले. "या शब्दाचा अर्थ दुष्काळ, अण्णा. पाऊस न झाल्यामुळे विहिरी आटल्या. बायका लांबून पाणी..."

"हे कुठनं काढलंस?" अण्णांनी विचारलं.

"ढिगातून."

"हे तर पार खाली होतं. मागच्या दिवाळीतलं हाय."

"सहज हाताला लागलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघत राहिले. मग ते उठून आत गेले. पाणी प्यायले. खिडकीजवळ थोडा वेळ उभे राहिले आणि आरसा खिळ्यावरून काढून परत लावला. त्याचा फुटका कोपरा नेहमी खाली असायचा, मी घाईत तो वर केला होता, हे मला तेव्हा दिसलं.  अण्णांनी खुंटीवरची बंडी घेतली, नळावर जाऊन बसले आणि साबण लावून घासायला लागले. जन्मात त्यांनी स्वतःचं कापड धुतलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अवो, मी काय मेलेय का?" आई म्हणाली.

"राहू दे. उन्हात घाम लई येतो," अण्णा म्हणाले आणि घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते चहा न घेताच गेले. परत आले तेव्हा बंडी काढून त्यांनी आईपुढे टाकली. "याला खिसा लाव."

"पेपरचं काम झालं?"

"माझ्यापुरतं झालं."

"आन् पुढच्या येळेला?"

"लाव म्हनलं ना खिसा."

आठवडाभरानं आईच्या लक्षात आलं की अण्णांच्या बोटांना शाई लागत नाही. अण्णा म्हणाले, "बारीक दिसंना झालंय डोळ्याला. मालकानं कागद कापायच्या मशिनीवर घातलंय." पंचेचाळिशीतला माणूस, सत्तावीस वर्षं त्या एका स्टुलावर बसलेला. आई दोन दिवस हळहळली. मला वाईट वाटलं, पण किती वाटणार? माझ्या डोक्यात विहिरी होत्या. खिसा लावलेली बंडी आता ते रोज घालत आणि संध्याकाळी खुंटीला लावत तेव्हा तिचा खिसा उलटा बाहेर लोंबत असे. आई धुताना तो आत ढकलायची आणि करवादायची, "काय हरवतंय यांचं रोज, कोन जाने."

एक मात्र झालं. ओट्यावर अण्णा असे काही पेटले की मला पळता भुई थोडी झाली. विहिरींचं प्रूफ त्यांनी चुलीत घातलं.

"अण्णा, त्यातलं एक पान राहिलं होतं."

"विहिरीचं पुरे. हे वाच."

"हे गुरांच्या लशीचं आहे. हे कशाला येतंय परीक्षेला?"

"काय येतंय ते तुला काय म्हाईत? वाच."

लस, कापड, बियाणं, वीजमंडळ, दातांची निगा. रोज नवीन कागद. घड्याळ समोर ठेवून. एक वाक्य, मराठीत सांग, पुढचं वाक्य. चुकले तर रागवायचे नाहीत, पण उठूही द्यायचे नाहीत. मी मनात दातओठ खायची. दुपारी ते कामावर असताना गुपचूप विहिरीवर लिहून काढायची, दुष्काळाचे सगळे शब्द पाठ करायची, बायकांनी का याची चार वेगवेगळी उत्तरं तयार करून ठेवलेली.

परीक्षेच्या दिवशी पुण्यात पेपर हातात आला आणि मी उतारा उघडला. त्यात विहीर नव्हती. समुद्राकाठच्या मिठागरात काम करणाऱ्या माणसांवर होता तो. मी पान उलटून बघितलं, परत सुलटं केलं. ओळी दिसत होत्या, आत काही शिरत नव्हतं. शेजारची मुलगी लिहायला लागली होती. मला भिंतीला टेकवलेलं सूप दिसलं, आणि मी त्या बाकावर बसून रडले. आवाज न करता, पण चांगली रडले. पर्यवेक्षिका बाईंनी पाणी आणून दिलं. पहिली वीस मिनिटं अशी गेली.

मग दुसरं काही सुचेना म्हणून मी पहिलं वाक्य वाचलं आणि ते मनात अण्णांना सांगितलं. अण्णा, भरतीचं पाणी आत घेतात आणि बांध घालून अडवतात. मग दुसरं. मग तिसरं. ते उठू देत नव्हते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं तेव्हा घंटेला चार मिनिटं होती.

निवडलेल्या मुलींची यादी लागली, तिच्यात माझं नाव खालून तिसरं होतं. छापखान्यात आलेला पेपर दुसऱ्याच कुठल्या कॉलेजचा होता, अशी मी समजूत करून घेतली. अण्णांना उगाच छळलं असं वाटलं, पण आरशाचं मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते सूप आईनं शेजारणीला देऊन टाकलं.

याला वीस वर्षं झाली आणि अण्णा गेले. तोवर मी सोलापुरातच एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. पाचव्या दिवशी उंबरजे मालक भेटायला आले. ऐंशीच्या पुढचे, नातवाचा हात धरून. नातवाला त्यांनी बाहेर गाडीत बसायला सांगितलं. मी आणि आई समोर बसलो.

"देवमाणूस होता," मालक म्हणाले. "एकदाच पाय घसरला बिचाऱ्याचा. पण मी आजवर कुणाला बोललो नाही."

"कशाबद्दल, मालक?" मी विचारलं.

"तुला माहीत नाही? तुझ्याच परीक्षेचा पेपर होता, कुंदा. एक दिवस सकाळी मी कुलूप काढायच्या आधी हा दारात उभा. म्हणाला, मालक, मला आता इंग्रजी कळतंय, तुमच्यापासनं लपवलं. उतारा बंडीवर छापून घरी नेला होता, पोरीला द्यायचा म्हणून. मी म्हटलं, दिलास? म्हणाला, न्हाई. मोह झाला, पण दिला न्हाई. बंडी धुऊन टाकली. तिला काही म्हाईत न्हाई, तिला बसू द्या. पण उतारा तेवढा बदला."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"मी पुण्याला फोन केला," मालक सांगत होते. "जुळवलेलं पान पडून फुटलं, मूळ कागदही खराब झाला, दुसरा उतारा पाठवा म्हटलं. खोटं बोललो. पण त्याला परत खिळ्यांना हात लावू देणं शक्य नव्हतं. मी दुसरं काही केलं नाही हो. काढून टाकला असता तर कुणी दोष दिला नसता, पण ठेवून घेतला. तो आपणहूनच रोज घरी जाताना माझ्या टेबलासमोर यायचा आणि खिसा उलटा करून दाखवायचा. मी सांगितलं नव्हतं. नको रे म्हणायला हवं होतं, पण म्हणालो नाही. रिटायर होईपर्यंत, रोज."

आई खुंटीकडे बघत होती. "म्हनून उलटा असायचा होय," ती म्हणाली.

मला उठून जावंसं वाटलं. वीस वर्षं गप्प बसलेली बाई आणखी पाच मिनिटं गप्प बसू शकली असती, आणि मालक चहा पिऊन गेले असते. अण्णांनी सगळं त्याचसाठी केलं होतं, माझं नाव येऊ नये म्हणून. पण या घरात बसून त्यांना मोह झाला होता असं कुणी म्हणावं, आणि ते मी ऐकून घ्यावं, हे मला जमेना.

"मालक, ते बंडीवरचं मी वाचलं," मी म्हणाले. "ते झोपलेले असताना, आरसा धरून. त्यांनी काही छापून आणलं नव्हतं. प्रूफ कुणाला दिसू नये म्हणून पोटाशी धरलं, त्याचा डाग होता तो. त्यांनी मला एक शब्द सांगितला नाही. मी भांडले तरी सांगितला नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.  चहावर साय धरली. मग मालकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मग इतकी वर्षं," ते म्हणाले, "मी बघत काय होतो?"